चूलबंद आवतन

बोडीटोल्यात आवतनाचे दोन प्रकार होते. एक घरटी एक, म्हणजे घरातल्या एका माणसानं यायचं, जेवायचं आणि जायचं. दुसरं चूलबंद. त्यात म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळं घर आलं, आणि त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही. केवळराम न्हावी हळदीचे तांदूळ ताटलीत घेऊन गावभर फिरायचा. घरटी एक असलं तर तांदूळ उंबरठ्यावर ठेवायचा, चूलबंद असलं तर आत जाऊन चुलीच्या कडेवर ठेवायचा. तोंडानं काही सांगायची गरजच पडत नसे. चूलबंद घेतलेल्या घरावर त्या दिवशी धूर दिसला, तर आवतन देणाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं होई. अशा धुरावरून बोडीटोल्यात दोन भावांचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं, आणि धूर तर म्हणे नुसता बिडीचा होता.

सुलोचनाबाईला गावातल्या गावातच दिलेली. तिचा थोरला भाऊ इश्वर तळ्याच्या पलीकडे, पाळीच्या म्हणजे तळ्याच्या बांधाच्या टोकाला राहायचा. त्यानं लग्न केलं नाही. बापाच्या वाटणीतल्या दोन एकर बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यात पावसाळ्यात धान आणि मग लाखोरीची डाळ, एवढ्यावर त्याचं भागे. त्याच्या घरात आसाराम राहायचा. आसाराम ढिवर, तळ्यात जाळं टाकणारा, शिंगाडे काढणारा, बोलायला तिखट आणि पोहायला मासा. आधी दोघं धानाच्या राखणीला एका खोपडीत झोपत. मग खोपडीची झोपडी झाली आणि झोपडीचं कौलारू घर झालं. याला वीस वर्षं होऊन गेली होती.

सुरुवातीला गाव सहा महिने बोललं. कुणब्याचा पोरगा आणि ढिवर एका चुलीवर जेवतात, याचंच लोकांना जास्त वाटलं. मग गावाला 'मैतर' हा शब्द सापडला आणि सगळे गप्प झाले. ढिवराच्या हातचं पाणी तसंही गावाला चालत होतं, लग्नात पाणी वाढायचा मानच त्यांचा. पहिल्यांदा आवतन द्यायला गेलेल्या केवळरामनं आत डोकावून पाहिलं, चूल एकच दिसली, त्यानं एकदाच तांदूळ ठेवले आणि परत आला. तेव्हापासून त्या घराला एकच आवतन जाई, आणि ते चूलबंद. पंगतीत दोघांच्या पत्रावळी शेजारी शेजारी पडत. याहून जास्त कोणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ वीस वर्षं सगळ्या गावानं मिळून झाकली होती.

ती उघडली सुलोचनाबाईनं. सख्ख्या बहिणीनं, आणि तेही मायेपोटी.

झालं असं, की अठ्ठ्याहत्तर सालच्या फाल्गुनात एक ख्रिस्ती प्रचारक जीप घेऊन गावात आला. बाजाराच्या मैदानात त्यानं तंबू ठोकला, बॅटरीवर चालणारा भोंगा लावला, आणि रोज दुपारी चार वाजता पेटी-खंजिरीवर गाणी म्हणून प्रवचन सुरू केलं. माणूस लांबचा, बोलणं शाळेच्या पुस्तकासारखं. त्याच्याजवळ डोळ्यांचं औषध होतं, मलम होतं, पट्ट्या होत्या, आणि हात हलका होता. गाव मलमासाठी गेलं आणि भोंग्यासाठी बसलं. देव बदलायला कोणी गेलं नव्हतं, आणि हे बहुधा त्यालाही कळत असावं, तरी तो मनापासून बोले. सुलोचनाबाईच्या लेकीच्या, शकुनच्या पायाला दिवाळीपासून चिघळलेली जखम होती. चार दिवसांत ती सुकली. मग सुलोचनाबाईचा त्या माणसावर विश्वास बसला, आणि बसणारच.

त्या हिवाळ्यात इश्वरला मोठा ताप येऊन गेला होता. तेव्हापासून तिच्या मनात एकच घोळत होतं. दादाला मूल नाही, बाळ नाही. आपल्याला एकटी शकुन, तीही उद्या परक्या घरी जाणार. मग दादाच्या तोंडात शेवटचं पाणी कोण घालणार? हे गावात कोणाला विचारता येत नव्हतं, आणि नवरा खुशाल हा "पाहू पुढचं पुढं" यापलीकडे जाणारा नव्हता.

पाचव्या दिवशी प्रवचन संपलं तसं प्रचारक म्हणाला, "कुणाच्या मनावर काही ओझं असेल तर निःसंकोच विचारा." बायांच्या बाजूनं सुलोचनाबाई उठली. पदर नीट केला. तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ गोमाजी, त्या दिवशी लाखांदूरला गेला होता, नाहीतर ती उठलीच नसती. भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही हा रिवाज तिनं बावीस वर्षं पाळला होता.

"माह्या भावानं लगन नाई केलं," ती म्हणाली. "मैतरासंग राहते. त्याच्या माघं कोणी नाई. तुमच्या देवाजवळ अशा मानसाची काई सोय आहे का?"

"मैतर म्हणजे? शेजारी राहतात का?"

"शेजारी कायले? एक घर, एक चूल, एक बाज. वीस वर्सं झाले."

बाज म्हणजे खाट. घराचं एकपण सांगताना बाया असंच म्हणतात, ते तिच्या तोंडून सहज निघून गेलं. केवळरामची बायको धुरपता शेजारी बसली होती, तिनं सुलोचनाबाईचं लुगडं खाली ओढलं. पण आता उशीर झाला होता.

प्रचारकानं पुस्तक उघडलं. पुरुषानं पुरुषाबरोबर असं राहणं हे त्याच्या देवाला मान्य नाही, ते पाप आहे, मोठ्या पापांपैकी आहे, पण पश्चात्ताप केला तर क्षमा आहे, असं तो म्हणाला. वाईट तोंड करून म्हणाला नाही, मलम लावताना बोलायचा त्याच आवाजात म्हणाला. पण ते भोंग्यातून गेलं आणि तळ्याच्या पलीकडेही ऐकू आलं. इश्वर तेव्हा लाखोरीचा भारा बांधत होता आणि आसाराम त्याला दोर धरून देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतीसमोर बैठक भरली. गोमाजी लाखांदूरहून आला होता आणि सगळ्यात मोठ्यानं तोच बोलला. "आमच्या गावच्या मानसाले पापी म्हणनारा हा कोन? यानं आमचं मीठ खाल्लं आन आमच्याच सोयऱ्याले नावं ठेवते? तंबू उचल म्हना." बैठकीनं माना हलवल्या. एकट्या म्हाताऱ्या दादाजी पाटलानं विचारलं, की मलमाचा डबा तरी ठेवून जाईल का. तो ठेवून गेला.

जीप निघताना सुलोचनाबाई मैदानाच्या कडेला उभी होती. प्रचारक तिच्याजवळ आला. "बाई, मी तुमच्या भावाचं नाव घेतलं नव्हतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता.

"मी घेतलं होतं ना," ती म्हणाली.

ती तशीच पाळीवरून इश्वरच्या घरी गेली. इश्वर अंगणात बसला होता. तिला पाहून त्यानं पाट सरकवला आणि म्हणाला, "तू माह्यासाठी विचारलं, सुलो. मले समजते." आसाराम जाळं शिवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "समजते सगळ्यायले. विचारलं मात्र भोंग्यात." उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिची सासू तिला म्हणायची, ते तिला त्या दिवशी पटलं.

प्रचारक गेला, तंबूच्या खुंट्यांची भोकं बुजली. त्याचा देव बोडीटोल्यात कोणी घेतला नाही. त्याचा शब्द मात्र सगळ्यांनी घेतला. तोवर जे 'मैतर' होतं, ते आता 'पाप' झालं. आसाराम मासोळ्या विकायला बसला की लोक घेत, पण पैसे हातात न देता टोपलीजवळ ठेवत. दोन-तीन जणांनी केवळरामला सांगितलं, की पाळीवरच्या घराचा वस्तरा वेगळा ठेव. ज्यांनी तंबू उचलायला लावला तेच हे सांगत होते. आपण त्याचंच प्रवचन पुढे चालवतोय, हे त्यांच्या ध्यानातही येत नव्हतं.

चैत्रात शकुनचं लग्न ठरलं. मुलगा आसगावचा, घरी धानाची शेती, माणसं बरी. मांडव सुलोचनाबाईच्या दारात. आवतनाची यादी करायला गोमाजी ओसरीवर बसला, खुशाल शेजारी, आणि सुलोचनाबाई दाराच्या आड.

"इश्वरले घरटी एक," गोमाजी म्हणाला.

खुशालनं दाराकडं पाहिलं. "दादा, त्या घराले तं चूलबंद जाते."

"जात होतं. आता आसगावचे लोक येतीन. त्यायच्या कानावर गेलं असन. मामा येईन, पोरीले बोहल्यावर आनीन, जेवीन, जाईन. दुसऱ्याचं काय काम आहे?"

"बरं," खुशाल म्हणाला.

दाराआड सुलोचनाबाईच्या जिभेवर शब्द आले होते. ती बोलली नाही. भासऱ्याची लाज होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. एकदा तोंड उघडलं होतं त्याचे चटके अजून ताजे होते. ती आत गेली आणि तांदूळ निवडत बसली. त्या दिवशी तिला स्वतःची फार चीड आली.

केवळराम तिसऱ्या दिवशी आवतन देऊन आला. मागच्या दारी येऊन त्यानं तिला हळूच सांगितलं, "ताई, तांदूळ उंबरठ्यावर ठेवले. इश्वरभाऊ चुलीजवळून सरकून बसला होता, मी आत येईन म्हून. मी बाहेरूनच आलो."

"काई म्हनला का?"

"नाई. आसारामनं तांदूळ येचून इश्वरभाऊच्या धोतराच्या सोग्यात बांधले. 'तुह्ये आहेत' म्हनला."

लग्नाच्या दिवशी ऊन चांगलं तापलं होतं. मुहूर्त दुपारचा. मांडवावर जांभळीच्या डहाळ्या, आसगावची वऱ्हाडी मंडळी बैलगाड्यांतून उतरून सावलीत टेकलेली, मागं भाताच्या हंड्यांचा वास. इश्वर सकाळीच आला. पांढरं धोतर, नवी टोपी, हातात भाचीसाठी हिरवं लुगडं. शकुननं वाकून नमस्कार केला. त्यानं तिच्या पायाची वाळलेली जखम पाहिली, "बरी झाली वाटते" म्हणाला, आणि भिंतीला टेकून बसून राहिला.

सुलोचनाबाई मांडवाच्या तोंडाशी आली तेव्हा तिला तळ्यापलीकडे धूर दिसला. पाळीच्या टोकावरून, कौलांतून सरळ वर चाललेला. मांडवातल्या बऱ्याच जणांना तो दिसत होता. मामा इथं आणि मामाच्या घरावर धूर. आवतन घरटी एक आहे हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांना तो पाहून कळलं.

ती भावाजवळ गेली. "दादा, आसारामभाऊ रांधून राहिले?"

"मंग काय उपाशी राहीन?" इश्वर म्हणाला. त्याचा आवाज साधाच होता. "सुलो, मी शकुनले बोहल्यावर आनतो. अक्षता पडल्या की जातो. जेवनार नाई."

"मामा उपाशी गेला तं लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनून राहिलेच आहेत. तू वाईट वाटून घेऊ नको. पोरीचं लगन पार पडलं की बस, आपलं येनं-जानं झालं तेवढं पुरे. मी एका घरचा अर्धा मानूस होऊन नाई येत."

तो रागावून बोलला असता तर तिनं समजूत घातली असती. तो तिच्यासाठी दुःखी होऊन बोलत होता, म्हणून तिला कळलं की हा आज गेला तर परत येणार नाही. पाळीचं ते घर तिला बंद होणार होतं. माहेर म्हणून तिच्याजवळ तेवढंच घर उरलं होतं.

मुहूर्ताला तासभर होता. तिनं देवापुढच्या ताटातून हळदीच्या तांदळाची मूठ घेतली आणि मांडवाबाहेर पडली. नवरीची आई, अंगावर नवं लुगडं, पायात काही नाही, आणि भर उन्हात ती पाळीवरून चालू लागली. मागून खुशालची हाक आली, "कुठं चालली वं?" ती थांबली नाही. मांडवात एकेक जण उठून पाहू लागला. पाळीवर झाड नाही की झुडूप नाही, त्यामुळे सगळ्यांना सगळं दिसत होतं.

आसाराम चुलीपुढं उकिडवा बसून फुंकत होता. वर भाताचं मडकं, बाजूला झिंग्यांचं कालवण. दारात तिला पाहून तो उठलाच नाही.

"भाऊ, चूल इझवा," ती म्हणाली.

"काहून?"

"आवतन आहे."

"आवतन दादाले आहे. मले नाई."

ती वाकली आणि मुठीतले तांदूळ चुलीच्या कडेवर ठेवले. मग कोपऱ्यातली पाण्याची गुंडी उचलून चुलीत ओतली. लाकडं चर्रर्र करून विझली. कौलांतून पांढऱ्या वाफेचा एक लोट वर गेला. मांडवातल्या लोकांनी तोही पाहिला, आणि मग त्या घरावर काहीच दिसेनासं झालं.

"अर्धा भात कच्चा आहे," आसाराम म्हणाला.

"कोंबड्यायले टाका." तिचे हात राखेनं भरले होते, नव्या लुगड्यावर काळे शिंतोडे उडाले होते. "भाऊ, भोंग्यात बोलली ते मी बोलली. ते परत घेता येत नाई. त्याच्यानंतर दाराआड बसून गप्प राहिली तेही मीच. चुकी माही आहे, दादाची नाई. तुम्ही नाई आले तं माहा भाऊ जाते."

आसाराम उठला, दोरीवरचा सदरा काढून अंगात घातला आणि म्हणाला, "आंघोळ झालीच आहे सकाळी."

ती पुढं आणि तो मागं, असे दोघं पाळीवरून आले. मांडवाच्या तोंडाशी गोमाजी उभा होता. शेजारी आसगावचे व्याही. इश्वर भिंतीजवळून उठून उभा राहिला होता. त्याच्या टोपीचा एक कान वाकडा झाला होता आणि तो नीट करायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

व्याह्यांनी राखेनं भरलेल्या विहिणीकडं पाहिलं, तिच्यामागच्या माणसाकडं पाहिलं आणि सरळपणानं विचारलं, "हे कोन?"

उत्तर द्यायला गोमाजीनं तोंड उघडलं. त्याच्या आधी सुलोचनाबाई बोलली. डोक्यावर पदर होता, मान खाली होती, पण आवाज मांडवभर गेला.

"नवरीचे मामा. दोघंही."

बावीस वर्षांत गोमाजीनं आपल्या भावजयीचा आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता. तो बाजूला सरकला की त्याच्या पायांनी त्याला सरकवलं, हे सांगता येणार नाही. व्याही म्हणाले, "असं का? या बसा," आणि पान पुढं केलं. त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे बोडीटोल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आसगावची माणसं आतल्या गाठीची असतात.

इश्वरनं शकुनला बोहल्यावर आणलं. अक्षता पडल्या. पहिल्या पंगतीत केवळरामनं दोन पत्रावळी शेजारी शेजारी मांडल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यावर भात वाढला. इश्वर जेवला. दोनदा भात मागून घेतला. सुलोचनाबाई खांबाआडून पाहत होती. तिला रडू आलं, आणि धुरपतानं ते पोरीच्या पाठवणीचं समजून तिची पाठ थोपटली.

गोमाजी मात्र पहिल्या पंगतीत बसला नाही. दुसरीत नाही, तिसरीतही नाही. रुसून घरी जावं तर त्याच्या घरचं आवतनही चूलबंदच होतं, चूल सकाळपासून गार. यादी त्यानंच केली होती. चार वाजता भूक आवरेना, तेव्हा तो शेवटच्या पंगतीत बाया-पोरांच्या कडेला येऊन बसला.

आसाराम तोवर पाणी वाढत होता. ढिवराचा मान, त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नव्हतं. तो रांगेतून येत येत गोमाजीपुढं आला. गोमाजीनं पेल्यावर हात ठेवला. आसाराम पुढं गेला नाही, घागर वाकवून तसाच उभा राहिला. उन्हानं कोरडा पडलेला भात, घाईनं घेतलेला मोठा घास, गोमाजीला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, मान हलू लागली.

त्यानं पेल्यावरचा हात काढला आणि आसारामनं पाणी वाढलं.

गोमाजी पाणी प्याला. वर पाहिलं नाही. पुढं वर्षभर चावडीवर तो या लग्नाची कुरकुर करत राहिला. पण दिवाळीनंतर त्याच्या नातवाचं बारसं निघालं, तेव्हा केवळरामनं ताटली घेऊन विचारलं, "पाळीवरच्या घराले कसं?"

गोमाजी बिडी ओढत म्हणाला, "जसं जाते तसं."

केवळराम पाळीवर गेला आणि चप्पल काढून आत शिरला.